आबांच्या स्मरणार्थ

टॉर्च बंद कर, वरद. त्या व्हॅनवर मारू नकोस. काचा उघड्या आहेत ते दिसतंय सगळ्यांना, त्याला उजेड कशाला हवा? आणि सानवी, तू मघाशी विचारलंस ना, की धूळ येवो नाहीतर पाऊस, केंद्राच्या गाडीच्या काचा कोणी वर का करत नाही? बस इथे कट्ट्यावर, सांगतो. पण मध्येच "काका, फेकू नका" म्हणायचं नाही. ज्याच्यावर ही वेळ आली तो गजेंद्र चांगला धडधाकट आहे, अलकापुरीत राहतो, डिप्लोमा कॉलेजात मुलांना गाड्यांची वायरिंग शिकवतो. पटलं नाही तर जाऊन विचारा. सांगेलच असं नाही. मला सांगताना तो दोनदा उठून हात धुवून आला होता.

तसा तो पहिल्यापासूनच घाणीला भिणारा. बडोद्यात जन्म काढला, पण रस्त्यावरची पाणीपुरी कधी तोंडाला लावली नाही. गाडीच्या कामाला हात घालायचा तर रबरी मोजे चढवून, आणि नंतर साबण. त्याची थोरली बहीण म्हणजे आपल्या सोसायटीतल्या सुनंदाताई. खालच्या मजल्यावर म्हाताऱ्या माणसांसाठी विरंगुळा केंद्र चालवतात ना, त्याच. ज्यांना घरातले लोक सकाळी खुर्चीत बसवून कामाला जातात, अशांना घरून आणायचं, चार माणसांत बसवायचं, संध्याकाळी परत सोडायचं. त्यासाठी गाडी हवी होती. ती मिळाली दानात. फत्तेसिंहरावांनी दिली.

फत्तेसिंहराव तुम्हाला माहीत नसतील. मोठं प्रस्थ. पांढरे कपडे, कपाळाला गंध, बोलण्यात मध. आपल्या लोकांना एक खोड आहे. माणूस गेला की त्याच्या नावानं पंखा द्यायचा, बाक द्यायचा, पाण्याचा कूलर द्यायचा, आणि वर रंगानं लिहायचं, अमक्याच्या स्मरणार्थ. जिवंतपणी त्याला कोणी पाणी विचारलं होतं का, ते त्या कूलरवर लिहिलेलं नसतं. तर फत्तेसिंहरावांनी वडिलांच्या नावानं आपली जुनी व्हॅन दिली. बाजूवर लाल अक्षरांत 'कै. आबासाहेब यांच्या स्मरणार्थ', खाली तेवढ्याच मोठ्या अक्षरांत स्वतःचं नाव. हार घातला, नारळ फोडला, फोटो काढले. भाषणही ठोकलं, गजेंद्रही होता ऐकायला. "आबांना लकवा झाला, वाचा गेली, पण मी त्यांना कधी घरात कोंडून ठेवलं नाही. या गाडीतून सगळीकडे न्यायचो. शेवटी अगदी लहान मुलासारखे झाले होते हो! या पुढच्या डाव्या सीटवर बसवलं, की चांगल्या हातानं वाकून हॉर्न वाजवत बसायचे. गेले तेही याच गाडीत, गेल्या वर्षी मे महिन्यात, माझ्या मुलीच्या लग्नाच्या दिवशी. हॉस्पिटलात नेता नेता." इथे त्यांनी रुमाल डोळ्यांना लावला. सुनंदाताईंच्याही डोळ्यांत पाणी आलं. त्या भोळ्या.

गाडीत दोन बारीक दोष होते. डाव्या दाराची काच खाली-वर करायचा हँडल नव्हता, आणि त्याच काचेला आतून एका जागी बारीक बारीक टवके उडालेले. फत्तेसिंहराव म्हणाले, नातवंडांचे उद्योग. ताईंनी नवा हँडल बसवून घेतला आणि गाडी सुरू केली.

पहिल्याच आठवड्यात गाडी बंद पडली. भर दुपारी, इथेच आपल्या गोत्रीच्या रस्त्यावर, आत चार म्हातारी माणसं. धुळीची वावटळ आली म्हणून ड्रायव्हरनं काचा वर केल्या होत्या. सेल्फ मारला की इंजिन नुसतं फिरे, पेट घेईना. दार उघडायला गेले तर तेही अडकलं. त्यांतल्या निरुपमाआजी आतच घेरी येऊन पडल्या. बाहेरून लोकांनी हिसके मारले तेव्हा दार उघडलं, आणि दार उघडल्यावर गाडी पहिल्या सेल्फला चालू. गॅरेजमध्ये नेली, तिथेही लगेच चालू. दुसऱ्या वेळी तसंच. तिसऱ्या वेळी तसंच. गॅरेजवाला म्हणाला, "बेन, गाडी टकाटक छे," आणि परत पाठवली.

मग ताईंनी भावाला बोलावलं. "गजा, उद्या रविवारी सगळ्यांना कमाटीबागेत न्यायचं कबूल केलंय मी. निरुपमाआजी कालपासून साडी काढून बसल्यात. आता तू बघ आणि मला एकच सांग, ह्या गाडीत माणसं बसवू की नको? नको म्हणालास तर उद्यापासून गाडी बंद. पण मग ती सगळी पुन्हा आपापल्या खोल्यांत जाऊन बसतील, आणि त्यांना कोणी बाहेर काढणार नाही, हे तुलाही माहीत आहे."

दोन उन्हाळ्यांमागची गोष्ट. मे महिना, शनिवारची रात्र. अमावस्या बिमावस्या काही नव्हती, उगाच खोटं कशाला बोलू? साधी वद्य नवमी. गजेंद्र संध्याकाळी रावपुऱ्यात जाऊन प्लग, थोडी वायर आणि लाल टेपचं रीळ घेऊन आला, बहिणीकडे आमरस-पुरी जेवला आणि सगळे झोपायच्या सुमाराला खाली उतरला. मुद्दामच रात्री. प्लगची ठिणगी नीट बघायची तर अंधार लागतो. गाडी तिथेच होती, त्या भिंतीला लागून.

त्याचं डोकं शिक्षकाचं. त्यानं जेवतानाच हिशेब लावला होता. गाडी बंद पडते ती फक्त काचा वर असताना. गॅरेजवाले काम करतात ते दारं सताड टाकून, म्हणून त्यांना दोष सापडत नाही. असल्या उन्हाळ्यात काचा लावल्या की रात्रीसुद्धा आत भट्टी होते, तापून कुठलातरी सैल जोड सुटत असणार आणि प्लगला ठिणगी देणाऱ्या कॉइलला जाणारी वीज तुटत असणार. झालं! यात भुताटकी कुठली? फक्त काचा लावून आत बसायचं आणि तो जोड सुटायची वाट बघायची.

ह्या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटांच्या खाली असतं. त्यानं डावी सीट उचलून पुढे टेकवली. एक प्लग काढला, वायरीला लावून इंजिनाच्या लोखंडावर आडवा ठेवला. किल्ली काढून शर्टाच्या खिशात टाकली. हा त्याचा कॉलेजातला नियम, इंजिनात हात असेल तर किल्ली खिशात. मग मागच्या बाजूनं दोन सीटांच्या मध्ये गुडघे टेकून बसला, आणि एकेक करून सगळ्या काचा वर केल्या.

आणि वास आला.

आधी तो नव्हता. शपथेवर सांगतो म्हणाला, काचा उघड्या असताना गाडीला पेट्रोलचा आणि रेक्झिनचा वास होता, बस. शेवटची काच वर गेली आणि हा वास कुठूनसा उठला. मुताचा. वाळलेला, पुन्हा भिजलेला, पुन्हा वाळलेला. त्यावर फिनेल ओतलेलं. त्याखाली डोक्याला लावायच्या तेलाचा खवट वास, आणि त्याच्याही खाली काहीतरी गोड. नासलेलं. गजेंद्रच्या पोटातला आमरस घशाशी आला. त्यानं रुमाल नाकावर बांधला. रुमालातूनही येत होता. जिभेवर येत होता. मोज्यांच्या आत बोटं चिकट झाली.

त्याला फत्तेसिंहरावांचा राग आला. ते भाषण, तो रुमाल, आणि दिली काय, तर ही घाण! धुऊन तरी द्यायची. वडिलांची आठवण म्हणे.

पण काम तर करायचं होतं. टॉर्च बंद केली. डोळे प्लगवर लावले. आणि बघा, माणूस सवयीचा कसा गुलाम असतो. कॉलेजात वर्षानुवर्षं हेच काम. हा वाकलेला, किल्लीवर कोणीतरी विद्यार्थी बसलेला, आणि हा ओरडणार, "मार!" की त्यानं सेल्फ मारायचा. गजेंद्र त्या वासानं इतका वैतागला होता, की आपण एकटे आहोत हे विसरला.

म्हणाला, "मार!"

सेल्फ फिरला.

घर्र... घर्र... घर्र...

इंजिन फिरलं. पट्टा त्याच्या बोटांपासून एवढ्याशा अंतरावरून गेला. प्लगवर ठिणगी नाही. सीटखाली नुसता काळाकुट्ट अंधार. त्याच्या डोक्यात पहिला विचार तोच आला, पक्क्या मास्तराचा. वीज येत नाहीये, कॉइलच्या मागे तुटलीये.

दुसरा विचार जरा उशिरा आला.

त्यानं खिशावर हात ठेवला.

किल्ली खिशात होती.

 तुम्ही असता तर किंचाळला असता, मीही किंचाळलो असतो. तो नुसता बसून राहिला. सेल्फ थांबला होता. घाम डोळ्यांत जात होता. आत इतकं गरम... उघड्या हवेत रात्री वारा होता म्हणाला, इथे कडुनिंब हलत होता, काचेतून दिसत होता... आणि आत दुपार होती. मे महिन्यातली, भर दुपार.

त्यानं सरकतं दार ओढलं.

हललं नाही.

पुन्हा ओढलं. नाही. काच खाली करायला गेला, काच हलली नाही.

तेवढ्यात...

टक.

पुढच्या डाव्या काचेवर.

टक... टक...

बाहेरून नव्हे. बाहेर कोणी नव्हतं, पार्किंगचा दिवा होता, सगळं दिसत होतं. आतून. बोटातल्या अंगठीनं काचेवर मारावं, तसं. घाईघाईनं नाही. दमून दमून. जिथे टवके उडालेले होते, बरोबर तिथे. आणि ती सीट तर त्यानं उचलून ठेवलेली. तिथे बसायला जागाच नव्हती.

टक...

गजेंद्रनं दोन सीटांमधून हात लांब केला आणि स्टिअरिंगवरचं हॉर्नचं बटण दाबलं. जोर लावून दाबलं. वॉचमन कनुभाई गेटवरच असतो, ऐकेल.

हॉर्न वाजला नाही.

आता इथे जरा ऐका. कारण इथे तो भ्यालेला माणूस संपला आणि पुन्हा मास्तर जागा झाला. इंजिन पेटत नाही ते एक. हॉर्न वाजत नाही ते दुसरं. ह्या दोन्हींच्या वायरी एकमेकींच्या वाटेलाही जात नाहीत. मग दोन्ही एकदम मेल्या कशा? तो कॉइलपासून बोटांनी वायर चाचपत मागे निघाला. इंजिनाच्या कडेनं, पत्र्याच्या खालून. मूळ वायर जिथे जायला हवी तिथे जातच नव्हती. मध्येच कापून तिला नवी जोडली होती. ती गालिच्याखाली शिरली. त्यानं गालिचा उचलला. ओला होता. रबरी मोज्यातूनही कळलं, ओला आणि कोमट. दिवसभर उन्हात तापलेल्या त्या कोरड्या गाडीत.

तो ओकला. तिथेच, स्वतःच्या गुडघ्यांवर. तोंड पुसलं आणि पुन्हा वायर धरली.

वायर ड्रायव्हरच्या सीटखाली गेली. तिथे, सीटवर बसलेल्याच्या हाताला कधी लागणार नाही अशा जागी, एक छोटा काळा स्विच होता. त्याला म्हणतात चोर-स्विच. गाडी चोरून नेऊ नये म्हणून लोक लपवून बसवतात. तो बंद केला की किल्ली असूनही गाडी चालू होत नाही. बऱ्याच गाड्यांना असतो, त्यात नवल नाही.

पण ह्या स्विचात दुसरीही वायर येत होती. त्यानं टॉर्च लावून तिचा रंग बघितला. पुन्हा बघितला.

हॉर्नची.

हॉर्नची वायर चोर-स्विचवर कोण घालतं रे? कशासाठी? चोर काय हॉर्न वाजवत गाडी नेतो?

हॉर्न बंद करायचा असतो तो चोरासाठी नाही. तो आत बसलेल्या माणसासाठी. ज्याला बोलता येत नाही, ज्याचा एकच हात चालतो, त्याच्यासाठी. काचेचा हँडलही काढून ठेवायचा. मग दार लावायचं आणि वरती हॉलमध्ये जायचं. मुलीचं लग्न. मोठमोठी माणसं जेवायला आलेली. त्यांच्यात हा लाळ गळणारा, धोतर भिजवणारा म्हातारा कशाला? बसू दे गाडीत. पंगती उठल्या की बघू. हॉर्न तर वाजणार नाहीच...

गजेंद्रची भीती तिथे गेली म्हणाला. एकदम गेली. उरली ती फक्त किळस. त्या वासाची नव्हे. वासाची किळस त्याला पुन्हा कधी आलीच नाही. आली ती त्या पांढऱ्या कपड्यांची, त्या गंधाची, त्या रुमालाची. लाल रंगात लिहिलेल्या त्या नावाची. आपण त्या भाषणाला टाळ्या वाजवल्या होत्या, त्या हातांची.

काचेवरची टकटक थांबली होती. कोणीतरी ऐकत असावं, तसं.

"आबा," तो म्हणाला. "थांबा हं. आधी हॉर्न जोडतो."

पक्कड काढली. स्विच दोन्हीकडून कापला, वायरींच्या शेपट्यांसकट. हॉर्नच्या वायरीची दोन टोकं सोलली. पीळ घातला. पीळ बसला...

आणि हॉर्न वाजला.

त्यानं बटणाला हात लावला नव्हता. तो खाली होता, सीटखाली. मान वर करून बघितलं. स्टिअरिंगवरचं बटण आत दबलेलं होतं. नुसतंच. आणि हॉर्न वाजत होता. तुटत नव्हता. लांब... लांब... वर्षभर कोंडलेला. सोसायटीतले दिवे लागले, कुत्री उठली. कनुभाई धावत आला, त्यानं एका बोटानं सरकतं दार उघडलं.

"शूं गजेंद्रभाई, अडधी राते होर्न केम वगाडो छो? बधां ऊठी गयां!"

दार उघडलं आणि हॉर्न थांबला. बटण वर आलं. हवा आत आली. वास नव्हता. गालिचा कोरडा ठणठणीत होता.

गजेंद्रनं उरलेली वायर सरळ जोडली, लाल टेप गुंडाळली. त्या कापलेल्या स्विचच्या दोन्ही शेपट्याही टेपनं बांधल्या, त्याची ती खास गाठ मारून, टोक दोनदा आत घालून. मग पहाटे स्कूटर काढली, काळ्या घोड्याच्या पुतळ्याजवळच्या पुलावर गेला आणि स्विच विश्वामित्री नदीत भिरकावला. मगरी आहेत तिथे. त्याही तोंड लावणार नाहीत असली चीज.

परत येऊन बहिणीला म्हणाला, "ताई, बसव माणसं. गाडी आता कोणालाही सोडून जाणार नाही. फक्त काचा कधी लावू नकोस." आणि सगळं सांगितलं. ताईंनी ऐकून घेतलं. पोलिसांना काय दाखवणार? वायर? त्यांनी आतून एक पातळ ब्लेड आणलं, आणि व्हॅनवरचं फत्तेसिंहरावांचं नाव खरवडून काढलं. आबांचं ठेवलं. ते अजून आहे, सकाळी बघा. निरुपमाआजी त्या दिवशी पुढच्या डाव्या सीटवर बसून कमाटीबागेत गेल्या. वाटेत दोनदा हॉर्न वाजला. आजींनी वाजवला, असं सगळे म्हणाले.

इथे संपलं असतं तर बरं होतं. पण महिन्याभरानं फत्तेसिंहराव स्वतः गजेंद्रच्या दारात आले. नाव खरवडलं म्हणून जाब विचारायला असतील, असं त्याला वाटलं. नाही. मधाचा आवाज गेला होता. पांढरा सदरा घामानं अंगाला चिकटलेला, कपाळावरचं गंध ओघळून नाकावर आलेलं. मागे टेम्पोनं ओढून आणलेली त्यांची गाडी उभी. नवीकोरी.

"गजेंद्रराव, तुम्ही जाणकार आहात म्हणून आलो. शोरूमवाल्यांना काही सापडत नाही. काल दुपारी लग्नाला गेलो होतो, निघताना गाडीत बसलो आणि सगळं बंद. इंजिन पेटेना, काचा खाली येईनात, दार उघडेना. हॉर्न दाबला, तर तोही वाजेना. माणसं समोरून जात होती हो, हसत, पान खात... मी काच वाजवत होतो..." त्यांनी हात पुढे केला. बोटातली अंगठी चेपली होती.

गजेंद्र गाडीपाशी गेला. ड्रायव्हरचं दार उघडलं, खाली वाकला, सीटखाली हात घातला. मोजे न घालता.

हाताला एक छोटा काळा स्विच लागला. ओला होता, नदीच्या गाळानं बरबटलेला. दोन्ही शेपट्यांना लाल टेप होती, आणि टेपेचं टोक दोनदा आत घातलेलं होतं.